कामावर इजा झाली पण दुखणं आधीचंही होतं: "हे जुनंच आहे" म्हणाले तर भरपाईचा दावा कसा उभा करायचा

मी भोसरी-चाकण पट्ट्यात युनियनच्या ऑफिसात बसतो. वकील नाही, पण कामावर इजा झालेल्या माणसांचे कागद लावून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय. येणाऱ्यांपैकी कितीतरी जण एकच वाक्य घेऊन येतात, "ते म्हणतायत तुझं दुखणं जुनंच आहे, कंपनीचा काही संबंध नाही." कंबर असो, खांदा असो, हार्ट असो, कान असो, वाक्य तेच. आणि बरीच माणसं हे ऐकून घरी बसतात, कारण त्यांना स्वतःलाही मनात वाटत असतं की खरंय, कंबर तर आपली आधीपासून दुखायचीच, मग कुठल्या तोंडानं मागायचं.

तर आधी हे डोक्यातून काढा. आधीचा आजार असला म्हणून दावा मरत नाही. कायदा धडधाकट माणसासाठी वेगळा आणि बीपी-शुगरवाल्यासाठी वेगळा असा लिहिलेलाच नाही, कामाला माणूस जसा आला तसा धरायचा. प्रश्न एवढाच असतो की कामानं त्याचं काय केलं.

कायद्यात शब्द काय आहेत ते एकदा नीट बघू. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम ३ म्हणतं की अपघातानं झालेली इजा नोकरीतून उद्भवलेली पाहिजे आणि नोकरी चालू असताना झालेली पाहिजे. दोन्ही पाहिजे, एक नाही. "नोकरी चालू असताना" हे बहुतेक वेळा सोपं असतं, हजेरीचं पंचिंग असतं, मस्टर (हजेरीपट) असतं, गेट रजिस्टर असतं. भांडण होतं ते "नोकरीतून उद्भवली" यावर, आणि जुन्या दुखण्याचा मुद्दा तिथंच घुसवतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये आणि १९२३ चा कायदा त्यात गेलाय, पण गाभ्याचे शब्द तेच ठेवलेत, म्हणून इतक्या वर्षांचे निकाल कामाला येतात. फक्त अपघाताची तारीख कुठली आहे ते वकिलाला पहिल्यांदा सांगा, जुना कायदा की नवी संहिता हे त्यावरून ठरतं. खाली मी कलमं सांगतोय ती १९२३ च्या कायद्याची.

आता हा "आधीचा आजार" वाला मुद्दा काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये १९१० साली हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टासमोर, क्लोव्हर क्लेटन कंपनीची केस गेली होती. एक कामगार पान्यानं नट आवळत होता आणि तेवढ्यात छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटून मेला. ती वाहिनी आधीच इतकी फुगलेली होती की झोपेतसुद्धा फुटली असती असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. तरी भरपाई मिळाली, कारण फुटली ती नट आवळताना.

आणि आपल्या मुंबईची केस तर याहून कामाची आहे. १९५४ सालचा बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा निकाल, मुंबई हायकोर्ट, मुख्य न्यायमूर्ती छागला. वॉचमन होता, हार्टचा आजार आधीपासूनचा, ड्युटीवर छातीत दुखायला लागलं आणि गेला. त्या निकालात जी फूटपट्टी आखून दिली तीच आजही चालते आणि सुप्रीम कोर्टानंही ती उचललीये. माझ्या भाषेत सांगायचं तर असं की माणूस निव्वळ आपल्या आजारानं, आजाराच्या नैसर्गिक चालीनं गेला तर मालक जबाबदार नाही, पण कामाचा त्यात हातभार लागला असेल, कामामुळं मरण लवकर ओढवलं असेल, किंवा आजार आणि काम दोन्ही मिळून मरण आलं असेल तर मालक जबाबदार. काम हे एकमेव कारण असायला पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही, हातभार पुरतो. ही ओळ मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला वहीत लिहून देतो.

पण हातभार होता हे दाखवायचं काम आपलं. १९६९ च्या मॅकिनन मॅकेन्झी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे, मात्र डोळ्यांनी बघितलेला साक्षीदारच पाहिजे असं नाही, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो. नुसता अंदाज चालत नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं पाहिजे. फौजदारी केससारखं शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं.

दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतं कोर्ट काय शोधतं ते. २००६ ची नेल्लोरच्या प्लांटची केस, कामावर हार्ट अटॅक आला, पण काम होतं फक्त स्विच चालू-बंद करायचं. कोर्ट म्हणालं यात ताण कुठं आहे, दावा गेला. आणि २०१२ ची ट्रक ड्रायव्हरची केस, दिल्लीहून निघून ११५२ किलोमीटर ट्रक चालवत आणला, अस्वस्थ वाटलं म्हणून रस्त्याच्या कडेला हॉटेलपाशी गाडी लावली आणि तिथंच कोसळला. भरपाई मिळाली. अटॅक दोघांनाही आला, फरक पडला तो त्याच्या आधीचे तास कसे गेले यात. म्हणून आजाराचं नाव काय यापेक्षा त्या दिवशीचं आणि त्याच्या आधीच्या आठवड्याचं काम काय होतं, किती होतं, हे कागदावर आणणं हाच अर्धा दावा.

आधी आणि नंतर

माझी पद्धत सोपी आहे. एक फुलस्केप घ्यायचा, मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं अपघाताच्या आधीचा माणूस, उजवीकडं नंतरचा. डावीकडं लिहायचं की तो काय काम करत होता, किती वजन उचलायचा, किती ओटी (ओव्हरटाइम) करायचा, दुखण्यासाठी वर्षात किती खाडे झाले, कुठली गोळी चालू होती, जिना चढत होता का, टू-व्हीलर चालवत होता का, गावाला शेतात काम करत होता का. उजवीकडं तेच सगळं आजचं. बाकी केस म्हणजे या रेघेच्या दोन बाजूंमधला फरक दाखवणं.

एक उदाहरण जवळून सांगतो. प्रेस शॉपमधले एक काका, वय ४५, हेल्पर. होइस्टची साखळी अडकलेली म्हणून ट्रॉलीवरून डाय (प्रेसचा जड साचा) हातानं उतरवत होते, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला एक नवीन पोरगा. पोराचा हात सुटला, सगळं वजन एकदम यांच्याकडं आलं आणि ते कमरेत वळलेले होते त्याच अवस्थेत अडकले. कट् असा आवाज आला म्हणाले. खाली बसले. सुपरवायझरनं स्प्रे मारला, हाफ डे दिला, घरी जा म्हणाला. अंग गरम असताना दुखणं कळत नाही, घाम गार झाल्यावर कळतं, तसंच झालं, रात्री बाथरूमला उठायला गेले तर डावा पाय जड, अंगठा वर उचलेना. सकाळी काकूंनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं.

तिथं डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून दुखतंय?" आणि हा साधा माणूस खरं ते बोलला, "कंबर तशी दोन वर्षांपासून दुखतेच." झालं. केस पेपरवर पहिली ओळ पडली, कंबरदुखी दोन वर्षांपासून. डायचा उल्लेखच नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये, झीज आणि चकती बाहेर आलेली. इन्शुरन्सवाल्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

आम्ही काय केलं तर रेघ मारली. दोन वर्षांपूर्वी कंबर दुखली तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरकडं एक्स-रे काढलेला, चिठ्ठी सापडली, त्यात फक्त कंबर, पायाचं नाव नाही. मस्टर मागवलं, त्या दोन वर्षांत कंबरेसाठी म्हणून मोजून चार रजा. ओटीच्या स्लिपा घरीच होत्या, पत्र्याच्या डब्यात, काकूंनी जपून ठेवलेल्या, महिन्याला किती तास उभं राहून काम केलं ते त्यावर सगळं. म्हणजे डावीकडं: दुखरी कंबर पण रोज कामावर. उजवीकडं: अंगठा उचलत नाही, पायाला बधिरपणा, नर्व्हच्या टेस्टमध्ये दोष, पाच मिनिटं उभं राहवत नाही. दुखरी कंबर दोन्हीकडं आहे, पण पाय फक्त उजवीकडं आहे. दावा कंबरेचा नव्हताच मुळी, पायाचा होता. हे एकदा कळल्यावर डॉक्टरांनाही लिहायला सोपं गेलं आणि भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरलाही पटलं, दोन वर्षं लागली पण पटलं.

यातून धडा घ्यायचा तो असा की डॉक्टरनं "कधीपासून" विचारलं की दोन्ही सांगायचं. आधीचं किती होतं आणि काल काय झालं. "कंबर अधूनमधून दुखायची पण काम चालू होतं, काल दुपारी अमुक वाजता कंपनीत अमुक उचलताना कट् झालं आणि तेव्हापासून पाय उचलत नाही." हे वाक्य घरून ठरवून जा, सोबत येणाऱ्यालाही सांगून ठेवा, पेशंट वेदनेनं कळवळत असतो त्याला सुचत नाही. आणि लिहिल्यावर केस पेपर वाचून बघा, नसेल लिहिलं तर तिथंच हात जोडून विनंती करा की डॉक्टर, कंपनीतलं पण लिहा. मोठी इजा असेल तर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद, करायला सांगा. केस पेपरवर तारीख-वेळ पडते, चार महिन्यांनी केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त.

आणि जुनं दुखणं लपवू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. लपवलं आणि उलटतपासणीत जुनी चिठ्ठी निघाली की माणूस खोटा ठरतो, मग खरा अपघातसुद्धा खोटा वाटायला लागतो. जुनं दुखणं आपणच आधी सांगितलं तर ते आपल्या रेघेची डावी बाजू होतं, त्यांनी शोधून काढलं तर ते त्यांचं हत्यार होतं.

अजून एक कागद लोक विसरतात. भरती होताना कंपनीनं मेडिकल केलेली असते, दरवर्षीही काही ठिकाणी होते. त्यात कंपनीच्याच डॉक्टरनं "फिट" लिहिलंय. मग आता जुनाट म्हणणाऱ्यांना विचारायचं की तुमच्याच डॉक्टरनं याला जड कामाला फिट म्हटलंय ना. आणि समजा त्यात बीपी किंवा मणक्याचा त्रास नोंदवलेला असेल तरी घाबरू नका, त्याचा अर्थ असा की माहीत असूनही त्यांनी त्याच कामावर ठेवलं आणि तो ते काम करत होता.

"मणक्यात गॅप आहे" म्हणजे काय

एमआरआयचा रिपोर्ट आला की त्यात झीज, डिजनरेशन असले शब्द असतातच आणि ते वाचून सगळे हात टेकतात. इथं एक गोष्ट माहीत पाहिजे. २०१५ साली अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत एक मोठा आढावा आला, ज्यांना कंबरेचा काहीच त्रास नाही अशा ३११० लोकांचे स्कॅन त्यात एकत्र बघितले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकतीत झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के. चकती फुगलेली विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. त्रास नसलेल्या लोकांचे आकडे आहेत हे, म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या मणक्यात झीज दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. त्यामुळं झीज दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळंच असं कुणी म्हणत असेल तर हे आकडे डॉक्टरसमोर ठेवा. अर्थात ही तलवार दोन्हीकडून कापते, नुसती फुगलेली चकती दाखवून "बघा अपघातानं झालं" असंही आपल्याला म्हणता येत नाही.

मग रिपोर्टमध्ये बघायचं काय? ताजं काय आणि जुनं काय. हाडात किंवा स्नायूत सूज दिसत असेल, चकतीचा तुकडा बाहेर पडून नस दाबत असेल आणि नेमकी त्याच नसेची लक्षणं अपघातानंतर सुरू झाली असतील तर ते ताज्याच्या बाजूचं. हाडाला वाढलेली टोकं, वाळलेली चकती, हे जुन्याच्या बाजूचं. खांद्याचा स्नायू फाटला असेल आणि त्या स्नायूत चरबी भरलेली दिसली तर फाटणं बरंच जुनं असतं, नसेल तर अलीकडचं म्हणायला जागा आहे. सूज काही आठवड्यांत ओसरते, म्हणून एमआरआय लवकर झाला तर पुरावा राहतो, सहा महिन्यांनी केला तर उरते फक्त झीज. पैसे नाहीत म्हणून लोक थांबतात हे मला माहितीये, पण शक्य असेल तर सरकारी दवाखान्यात नंबर लावा, उसने घ्या, हा खर्च पुढं मागता येतो, कलम ४ मध्ये उपचाराचा खरा खर्च मालकानं द्यायची तरतूद आहे. बिलं ठेवा फक्त.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

"काम आणि आजाराचा संबंध असू शकतो" असं सर्टिफिकेट आणलं तर उपयोग नाही, असू तर काहीही शकतं. डॉक्टरांना वेळ नसतो आणि कायदा माहीत नसतो, चूक त्यांची नाही, आपणच प्रश्न लिहून न्यायचे. मी साध्या कागदावर असं लिहून देतो: पेशंटला आधी कुठला आजार होता आणि तो कोणत्या टप्प्यावर होता? अमुक तारखेच्या घटनेनंतर कुठली नवी लक्षणं आली किंवा जुनी किती वाढली? घटना ज्या पद्धतीनं घडली, इतकं वजन, अशी वळलेली अवस्था, त्यानं ही इजा होते का? घटना झाली नसती तर पेशंट आज याच अवस्थेत असता असं वाटतं का? आणि शेवटचा, आपल्या मते घटनेचा हातभार असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे का, असेल तर कशावरून?

त्या "कशावरून" वर जोर द्या. उलटतपासणीत डॉक्टर टिकतो तो कारणांवर. नुसतं मत दिलेलं असेल तर समोरचा वकील दोन मिनिटांत विचारतो की तुम्ही जुने रिपोर्ट बघितले होते का, आणि डॉक्टर म्हणाला नाही, की संपलं. म्हणून जुने सगळे कागद डॉक्टरला दाखवा आणि त्यांनी बघितले असं सर्टिफिकेटमध्ये लिहून घ्या.

मालकालाही हक्क आहे, कलम ११ प्रमाणं नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत तो फुकट मेडिकल तपासणी देऊ करू शकतो आणि आपण विनाकारण नाकारली तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. म्हणून जा, पण एकटे जाऊ नका, आणि तिथंही तेच वाक्य सांगा जे पहिल्या दिवशी सांगितलं.

हार्टच्या केसेस

इथं घाई असते कारण माणूस गेलेला असतो आणि घरच्यांना अंत्यविधीची पडलेली असते. तरी माझी विनंती राहील की कामावर मृत्यू झाला तर पोस्टमार्टेम नको म्हणू नका. मला माहितीये किती जड जातं ते. पण त्यात ताजी गुठळी दिसते का, हृदयावर जुना व्रण आहे का, हे नोंदलं जातं, पुढं "आजार" आणि "आजार अधिक काम" यातला फरक दाखवायला तेवढाच एक कागद हातात असतो. पोस्टमार्टेम नसेल तर दावा संपत नाही, पण मग सगळा भार सोबत्यांच्या जबाबावर येतो.

त्याच आठवड्यात, सोबती विसरायच्या आत, चार गोष्टी विचारून लिहून ठेवा: त्या दिवशी किती वाजता आला, आदल्या दिवशी किती वाजता गेला (डबल शिफ्ट होती का), त्या तासात नेमकं काय उचललं, ढकललं, चढलं, भट्टीजवळ होता का, आणि छातीत दुखतंय असं कुणाला बोलला होता का आणि मग किती वेळानं दवाखान्यात नेलं. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. त्रास होतोय सांगूनसुद्धा काम करायला लावलं असेल तर हातभाराचा मुद्दा कितीतरी पक्का होतो.

हळूहळू चढणारे आजार

एका क्षणात न होता वर्षानुवर्षं चढणाऱ्या आजारांसाठी कायद्यात तिसरी अनुसूची आहे. गोंगाटानं आलेला बहिरेपणा, सिलिकाच्या धुळीचा फुफ्फुसाचा आजार, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, ज्यानं मुंबईच्या गिरण्यांतल्या माणसांच्या छाती भरल्या, हे त्यात आहेत. आजार यादीत असेल आणि त्या कामावर ठरलेली मुदत भरली असेल, यादीच्या ब भागासाठी सलग सहा महिने, तर तो कामामुळं झाला असंच धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. म्हणजे इथं भार फिरतो, म्हणून पहिल्यांदा यादीच तपासा.

बहिरेपणात "वयामुळं झालं" म्हणतात. ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीचा, आलेख मागून घ्या. आवाजामुळं गेलेल्या कानात साधारण ४००० हर्ट्झला खड्डा पडतो आणि ८००० ला आलेख पुन्हा थोडा वर येतो, वयानं गेलेल्या कानात तो पुढं पुढं उतरतच जातो. दमा-धुळीच्या केसमध्ये बिडी पुढं करतात, तिथंही तेच, बिडी ओढत होता हे कबूल करा आणि धूळ किती वर्षं खाल्ली ते दाखवा. बिसिनोसिसची जुनी खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, हे सगळ्या खात्यातल्या लोकांकडून जबाबात आलं की वजन पडतं.

टक्का किती

संबंध सिद्ध झाला की पुढचं भांडण टक्क्यावर. इथं म्हणतात, अर्धं जुनं होतं ना मग अर्धंच देऊ. तर कायम अंशतः अपंगत्वाची व्याख्या बघा, त्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता त्यातली कमाईची ताकद किती घटली हे मोजायचं असतं. "त्या वेळी" हा शब्द महत्त्वाचा. दुखऱ्या कंबरेसकट जो पूर्ण पगार कमावत होता त्याची ताकद पूर्णच धरायची आणि तिथून खाली मोजायचं. पहिल्या अनुसूचीत एक डोळा गेल्याचे ४० टक्के लिहिलेत, पण त्याच ओळीत अट आहे की दुसरा डोळा चांगला असला पाहिजे. म्हणजे ज्याचा एक आधीच गेलेला होता आणि कामावर दुसराही गेला त्याला ४० टक्क्यांवर बसवता येत नाही, तो आता आंधळा झालाय. १९७६ ची सुप्रीम कोर्टाची सुताराची केसही लक्षात ठेवा, डावा हात कोपराच्या वर कापला गेला आणि सुतारकाम एका हातानं होत नाही म्हणून १०० टक्के धरलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचा टक्का शरीराचा असतो, कमाईचा टक्का वेगळा, तो डॉक्टरांकडून स्वतंत्र लिहून घ्या.

हिशोब असा, काकांचं वय ४५, त्यासाठी कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात गुणक १६९.४४. पगार जास्त असला तरी ३ जानेवारी २०२० पासून मर्यादा १५,००० ची. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १६९.४४, होतात १५,२४,९६० रुपये. कमाईची ताकद ४० टक्के गेली तर ६,०९,९८४. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना थकवले तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, कलम ४अ.

दाव्याआधी हे बघून घ्या

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर या कायद्याखाली नाही जाता येत, ईएसआयकडंच जायचं. तिथं एक फायदा आहे, ईएसआयच्या जुन्या कायद्याच्या (तोही आता संहितेत गेलाय) कलम ५१अ प्रमाणं अपघात नोकरी चालू असताना झाला एवढं दिसलं की उलट पुरावा नसेल तर तो नोकरीतूनच झाला असं गृहीत धरतात. कंपनीला अपघाताचा रिपोर्ट पाठवायला लावा, नुसत्या आजारपणाच्या रजेवर टाकू देऊ नका, तिथंच "अपघात" चं "आजार" होतं आणि मग फिरवता फिरवता नाकी नऊ येतात.

ठेकेदाराकडं असाल तर कलम १२ खाली मुख्य कंपनीवरही दावा लागतो, दोघांची नावं घाला. नोटीस लेखी द्या, तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर "आज अमुक वाजता डाय उतरवताना कंबरेला इजा झाली" एवढा मेसेज टाका आणि फोन बदलला तरी तो जपा. दाव्याची मुदत दोन वर्षं.

घरी माणूस पाठवून, थोडे पैसे देऊन "माझी काही तक्रार नाही, दुखणं जुनं आहे" अशा कागदावर सही घेतात. हे मी इतक्या वेळा बघितलंय की संताप येतो. हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ प्रमाणं रद्दच असतो, आणि मृत्यूच्या केसमध्ये भरपाई कमिशनरकडंच जमा करायची असते, घरी परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल देता येते. पण "दुखणं जुनं आहे" ही तुमच्या सहीची ओळ पुरावा म्हणून मात्र फिरते. सही करायच्या आधी कागदाचा फोटो काढून कुणालातरी दाखवा, आमच्यासारख्या कुठल्याही युनियन ऑफिसात नेलात तरी दहा मिनिटांत कुणीतरी वाचून सांगेल.